हातचा

मशीनचं म्हणणं असं होतं, की हा कागद मावशीने लिहिलेलाच नाही. रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती आणि ताटं बाजूला सारून भाचीने टेबलावर आपला लॅपटॉप उघडला होता. बंदराच्या जुन्या कोष्टक कार्यालयातले कागद, भरती-ओहोटीची गणितं हाताने मांडलेले हजारो तक्ते, गेलं वर्षभर तिच्या ऑफिसात मशीनला वाचायला दिले जात होते. मशीन आता नुसते आकडे वाचत नव्हतं, ते कुणी लिहिलेत हेही सांगायला लागलं होतं. पाच कसा वळवलाय, साताच्या कमरेला रेघ आहे की नाही, दोन आकड्यांमध्ये किती जागा सोडलीय, अशा बारीकसारीक गोष्टींवरून त्याने कागदांचे गठ्ठे लावले होते आणि कोपऱ्यातल्या टेबल नंबरावरून गठ्ठ्यांना नावं दिली होती. हात एक, हात दोन, असे बारापर्यंत. मावशी त्या हॉलमध्ये नऊ नंबरच्या टेबलावर बसायची, म्हणून मावशी झाली हात नऊ.

"आता हे बघ," भाची म्हणाली. "टेबल नंबर नऊ, म्हणजे कागद तुझा, आणि मशीन म्हणतंय हात दहा. एखाददुसरा कागद असता तर मी सोडून दिलं असतं. पण एका तारखेनंतर हळूहळू तुझे सगळेच कागद हात दहा होत जातात. आणि गंमत म्हणजे, त्याच तारखेचा दहा नंबरचा जो कागद आहे ना, त्या दिवशीचा, तो मशीनला हात नऊ वाटतो. काहीतरी घोळ झालाय त्याचा. तू मला पानभर आकडे लिहून दे. म्हणजे खरी तू कोण ते त्याला शिकवते."

कोणती तारीख, असं मावशीने विचारलं नाही. तिने चष्मा लावला, भाचीने पुढे केलेला कोरा कागद सरळ केला आणि आकडे लिहिले. मनात येतील तसे, रांगेने, दोन रांगांमध्ये बोटभर जागा सोडून. सोळा वर्षं झाली होती निवृत्त होऊन, पण आकडे कसे मुंग्यांसारखे आपोआप निघाले. भाचीने फोनने फोटो काढला, दोन-चार कळा दाबल्या आणि ती हसली. "हात दहा. ब्याण्णव टक्के. मावशी, हे तर तुला ओळखायलाच तयार नाही." मावशीही हसली. हसताना तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथे, काहीतरी टेकल्यासारखं झालं. खुर्चीची पाठ असेल म्हणून ती किंचित पुढे सरकली. टेकलेलं तसंच राहिलं.

पाठ. दहा नंबरच्या बाईचा चेहरा मावशीला आठवत नव्हता, आठवत होती ती पाठ. हॉलमध्ये बारा बायका सहा जोड्यांनी बसत, पाठीला पाठ लावून. नेमणुकीच्या पत्रात हुद्दा लिहिला होता, कॉम्प्युटर. तेव्हा तो शब्द माणसाचा होता. पुढे कधीतरी मावशीने भाचीच्या मैत्रिणींना सांगितलं होतं, की मी एके काळी कॉम्प्युटर होते, तेव्हा त्या पोरी पोट धरधरून हसल्या होत्या आणि एकीने विचारलं होतं, "मग तुम्हाला बंद कसं करायचे?" घंटा वाजवून, मावशी म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. सकाळी घंटा झाली की प्रत्येकीसमोर एक तक्ता येई. चंद्र कुठे, सूर्य कुठे, बंदराच्या तोंडाशी पाणी कसं वागतं, या सगळ्याचे आकडे घ्यायचे, टेबलावरच्या दांड्याच्या यंत्रावर गुणाकार करायचे, शेवटची बेरीज हाताने मांडायची आणि खाली लिहायचं, अमुक दिवशी अमुक वाजता पाणी इतके फूट. जोडीतल्या दोघींना एकच तक्ता मिळे. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. संध्याकाळी हेडबाई दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायच्या. जुळले तर छपाईला, नाही जुळले तर दोघींनी पुन्हा. दोन माणसं एकच चूक एकाच जागी करत नाहीत, या एका विश्वासावर सगळं बंदर हलत होतं.

मावशीच्या जोडीतल्या दहा नंबरला सगळ्या वाचाळ म्हणत, कारण ती बोलत नसे. डबा खाताना नाही, जिन्यात नाही, रजेचा अर्जसुद्धा हेडबाईंपुढे ठेवून ती मुकाट्याने उभी राही. तिला एक मुलगी होती आणि नवरा नव्हता, एवढंच हॉलला ठाऊक होतं, आणि हेही, की वाचाळ कधी चुकत नाही. जोडीचे कागद जुळले नाहीत तर मावशी नव्याने गणित करतानाच मनाशी धरून चाले की चूक आपली. पाच वर्षं त्या दोघी एकमेकींना टेकून बसल्या. खुर्च्यांच्या पाठी एकमेकींना लागत, आणि मावशीला मागच्या लाकडातून कळे की ती आता वाकली, आता पान उलटलं. यंत्राचा दांडा फिरवताना वाचाळ शेवटच्या फेरीआधी क्षणभर थांबत असे, अंधारात शेवटची पायरी चाचपावी तशी. ते थांबणं ऐकता ऐकता मावशीचा दांडाही तिथे थांबायला लागला होता. दोघींना वाटलं असतं तर तेवढ्यावरून त्या एकमेकींना काहीही सांगू शकल्या असत्या.

त्या दिवशी तीनच्या सुमारास मागचं लाकूड हललं आणि हलकं झालं. मावशीने नियम मोडून वळून पाहिलं. वाचाळ उभी होती, हातात एक चिठ्ठी होती, शाळेतून आलेली. तिने मावशीकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि मागच्या दाराने गेली. तिने परवानगी मागितली असती तर मिळाली नसती. त्या वर्षी तिच्या रजा संपून गेल्या होत्या. तिच्या टेबलावर तक्ता अर्धा भरलेला होता. मावशीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःचं गणित आटोपलं, तो अर्धा तक्ता आपल्याकडे ओढला आणि वाचाळच्या अक्षरात पुढे भरायला घेतला. साताच्या कमरेला रेघ द्यायची. पाचाचं पोट मोठं ठेवायचं. पाच वर्षांत ते अक्षर इतक्यांदा शेजारी ठेवलेलं पाहिलं होतं की फार प्रयत्न पडला नाही, उलट थोडी मजाच वाटली, दुसऱ्याची चप्पल घालून चार पावलं चालल्यासारखी. शेवटची बेरीज झाली आणि तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. तिच्या कागदावर बारा पूर्णांक सहा फूट होते. वाचाळच्या कागदावर चौदा पूर्णांक सहा.

पुन्हा गणित करायचं, हा नियम. पण सव्वाचार झाले होते, साडेचारला हेडबाई फिरत, आणि कागदावर वाचाळचं अक्षर होतं, आणि वाचाळ कधी चुकत नसे. आजही मावशीला याच गोष्टीचं नवल वाटे. दहा मिनिटांपूर्वी आपणच लिहिलेला आकडा, पण त्याला रेघेचा सात होता आणि मोठ्या पोटाचा पाच होता, म्हणून तो आकडा तिला स्वतःपेक्षा खरा वाटला. तिने नवा कागद घेतला, आपला तक्ता उतरवला आणि बारा पूर्णांक सहाच्या जागी चौदा पूर्णांक सहा लिहिले. कागदाच्या तळाशी काम संपल्याची वेळ लिहायची असे. दोन्ही वेळा सारख्या दिसू नयेत म्हणून तिने आपल्यावर लिहिलं चार दहा, आणि वाचाळच्यावर चार तीस. मग दोन्ही कागद ट्रेमध्ये टाकून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी वाचाळ आली, टेबलावर तक्ता नाही हे तिने पाहिलं असेल, पण घंटा झाली होती, नवा तक्ता आला होता, आणि बोलायचं नव्हतंच. मावशीनेही सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

सात महिन्यांनी तो दिवस छापील पुस्तकातून बाहेर आला आणि प्रत्यक्ष पाण्यावर पडला. बंदराच्या तोंडाशी एक मालबोट पुस्तकातल्या चौदा फुटांवर भिस्त ठेवून आत शिरली आणि वाळूत रुतली. धक्क्याने एक खलाशी डेकवरून खाली पडला आणि गेला. चोवीस वर्षांचा होता. चौकशी झाली. गोदामातून कागद काढले गेले. चौकशीच्या साहेबाने हॉलमध्ये उभं राहून शांतपणे सांगितलं, की चूक कुणाकडूनही होते, चुका होतात म्हणून तर जोडी असते. पण एकच चूक दोन कागदांवर असेल तर एकीने नक्कल केली आहे, आणि नक्कल हा गुन्हा आहे. आधी संपलेला कागद चार दहाचा, मागाहून संपलेला चार तीसचा. हिशोब सरळ होता. त्यांनी दहा नंबरला विचारलं, हे अक्षर तुमचं का? वाचाळने कागद हातात घेतला. खूप वेळ पाहिला. मावशी तिच्याकडे पाठ करून बसलेली होती, नियमाप्रमाणे, आणि मागच्या लाकडातून तिला काहीच कळत नव्हतं. मग वाचाळचा आवाज आला. पाच वर्षांत मावशीने तो असा स्पष्ट पहिल्यांदाच ऐकला. "हो," ती म्हणाली, "माझंच आहे."

ती मला वाचवते आहे, असं मावशीला तेव्हा वाटलं. पुढची कित्येक वर्षं तिने ते वाटणं जपून ठेवलं, कारण वाचवलं गेलेल्या माणसाला निदान कृतज्ञ तरी राहता येतं. मावशीला ताकीद मिळाली. वाचाळला त्याच दुपारी काढलं. पाठीमागची खुर्ची रिकामी झाली आणि ती भरलीच नाही, कारण तळमजल्यावर मोठ्या यंत्राचे खोके येऊन पडायला लागले होते आणि नव्या बायका घेणं बंद झालं होतं. पण सकाळी मावशी येऊन टेकली की मागचं लाकूड कोमट असे. उन्हाने असेल, तिने स्वतःला सांगितलं. त्या भिंतीला खिडकी नव्हती. दांडा फिरवताना तिचा हात शेवटच्या फेरीआधी थांबे, आणि त्या थांबण्यात मागूनही कुणीतरी थांबल्यासारखं वाटे. मग एके दिवशी तिच्या साताला रेघ आली. तिने ती खोडली. आठवड्याभराने पुन्हा आली. वर्ष सरलं तेव्हा तिने खोडणं सोडून दिलं होतं. याच सुमारास कुणीतरी म्हणालं, "दहा नंबर गेली म्हणे." मावशीने मान हलवली. कुठे गेली, हे विचारलं नाही.

मोठं यंत्र सुरू झालं तेव्हा त्याला थंडावा लागे म्हणून तळमजल्याच्या खिडक्या चिणून टाकल्या होत्या. अकरापैकी सहा बायकांना घरी पाठवलं. राहिलेल्या पाचजणींना कार्डांना भोकं पाडायचं शिकवलं, कारण यंत्राला आकडे कळत नसत, भोकं कळत. हुद्दा बदलला. कॉम्प्युटर हा शब्द जिना उतरून तळमजल्यावर गेला आणि तिथेच राहिला. महिन्याभराने, सगळ्या जेवायला गेल्या असताना, मावशीने बोट रुतली ती तारीख भोकांत मांडली आणि कार्डांची थप्पी यंत्रात सरकवली. तिला एकच आशा होती. बेरीज बरोबर असेल, चौदा पूर्णांक सहाच खरं असेल, बोट गाळामुळे रुतली असेल, कप्तानाने उलटसुलट काही केलं असेल. यंत्राला चाळीस मिनिटं लागली. ती चाळीस मिनिटं ती थंडीत हाताची घडी घालून उभी होती, आणि तिच्या आयुष्यात त्याइतका निवांत काळ पुन्हा आला नाही, कारण तोवर काहीही होऊ शकत होतं. मग छापखान्यासारखा खडखडाट झाला आणि पट्टी बाहेर आली. बारा पूर्णांक सहा.

तेव्हा तिने बसून शोधून काढलं, कसं झालं ते. हातचा. स्वतःच्या तक्त्यातल्या एका बेरजेचा हातचा दोन तिच्या डोक्यात राहिला होता, आणि वाचाळच्या कागदावर बेरीज मांडताना तो तिथे मिळवला गेला. एका माणसाच्या डोक्यात दोन माणसांची गणितं चालली होती, त्याचा हा परिणाम. दुसरीतली पोरसुद्धा हातचा चुकली तर तिला बाई ओरडत नाहीत, पुन्हा मांड म्हणतात.

पुढे जे जे यंत्र आलं, त्याला तिने ती तारीख विचारली. खात्याने खिशात मावणारी बेरजांची यंत्रं वाटली तेव्हा एक अख्खी दुपार खर्चून तिने त्यातल्या एकाला विचारलं. तळमजल्यावर फिरत्या चाकांचं नवं यंत्र आलं, त्याने चार मिनिटं घेतली. मग काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली; तिथे दहापर्यंत मोजेस्तोवर उत्तर येई. मग प्रत्येकाच्या टेबलावर एकेक यंत्र आलं, तोपर्यंत मावशी विभागाची प्रमुख झाली होती, नव्या पोरी तिला मॅडम म्हणत, आणि तिने बोट उचलायच्या आत आकडा पडद्यावर असे. निवृत्त झाल्यावर भाचीने फोन घेऊन दिला. त्यात जगातल्या कुठल्याही बंदराचं कुठल्याही दिवसाचं पाणी दिसतं हे कळल्यावर तिने बाथरूमचं दार लावून घेऊन विचारलं. सहा यंत्रं, आणि सहाही जणांनी सांगितलं, बारा पूर्णांक सहा. लोक म्हणत, काय प्रगती झाली, बघता बघता. मावशीला त्या प्रगतीचा एकच अर्थ कळला होता: उत्तर यायच्या आधीची जी वाट बघण्याची जागा होती, ती दर खेपेला लहान लहान होत गेली होती, आणि शेवटी तिच्यात उभंसुद्धा राहता येत नव्हतं.

आणि आता हे सातवं. आजवर तिने विचारलं होतं म्हणून यंत्रांनी सांगितलं होतं. याला तिने काही विचारलं नव्हतं.

"मावशी? कुठे हरवलीस?" भाची तिच्याकडे बघत होती. "अग एवढं मनावर घेऊ नकोस. मशीनच आहे, चुकतं. खरं म्हणजे दहा नंबरच्या बाईंचा नमुना मिळाला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं, पण त्या ऐकतच नाहीत. परवा फोन केला होता. तासभर बोलल्या. गुडघे, शेजारी, पाण्याची टाकी, काय काय, मला मध्ये तोंड उघडू देईनात. आणि शेवटी म्हणाल्या, मी आकडा लिहिणार नाही, तेवढं सोडून बोल."

"कोण बोललं?"

"दहा नंबरच्या बाई. मुलीकडे असतात. का, ओळखत होतीस ना तू त्यांना?"

मावशी म्हणाली, "पत्ता दे मला." मग तिला आपला आवाज फार कोरडा वाटला म्हणून ती पुढे म्हणाली, "आणि मशीनला काही शिकवू नकोस. त्याचं बरोबर आहे."

सोमवार तिने घरात घालवला. आरशात बघून तिने वाचाळचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि दर वेळी स्वतःचाच चेहरा मध्ये आला. मेलेली म्हणून जिला मनात एका जागी बसवलं होतं, ती तिथून उठून कुठेतरी गुडघ्यांबद्दल बोलत होती, आणि तरीही मावशीच्या खांद्यांच्या मधलं ते टेकलेलं काही हललं नव्हतं. मग इतकी वर्षं तिथे कोण होतं? मंगळवारी सकाळी ती दोन बस बदलून गेली. शिंप्याचं दुकान, त्याच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या. दुकानात पन्नाशी ओलांडलेली एक बाई गळ्यात टेप अडकवून कापड कापत होती. "आईकडे? नऊ नंबर का तुम्ही? या या. तुमच्या भाचीचा फोन येऊन गेला. जा आत, पण जपून, एकदा धरलं की सोडत नाही ती." आणि ती पुन्हा कापडाकडे वळली.

आत खिडकीशी एक म्हातारी बसली होती. मावशीने तिला ओळखलं नाही. तिने मावशीला ओळखलं का, ते कळलं नाही, पण बोलायला सुरुवात केली. "बस. तिथे नको, ती खुर्ची मोडकी आहे. तू किती वाळलीस ग. मला बघ, मी पसरले. हॉलमधून निघाले ना, तर बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत लागले. तेवीस वर्षं. गाडी कधी, गाडी कुठे, गाडी का नाही. देवाने मुकी पाठवली आणि नोकरी दिली ती बोलायची. पुढे खिडकीच्या वर तो दिव्यांचा फळा आला, वेळा आपोआप दिसायला लागल्या, मला घरी बसवलं. तोवर सवय लागली होती, आता थांबता येत नाही. तिथूनही कॉम्प्युटरनेच काढलं बघ मला. एकदा होते म्हणून, आणि एकदा नव्हते म्हणून." ती हसली. खोकली. मग म्हणाली, "तुला माझा राग नाही ना?"

"कशाचा?"

"माझ्यामुळे तुला ताकीद मिळाली. मी तुझं बघून उतरवलं."

मावशी समोरच्या खाटेच्या कडेवर बसली.

"मला पटत नव्हतं आधी," वाचाळ म्हणाली. "मी म्हटलं, मी कशी उतरवेन, मी कधी वळून बघत नाही. आणि मला तर वाटत होतं मी तीनलाच निघाले होते. पण साहेबांनी कागद हातात दिला. माझंच अक्षर. साडेचार वाजले म्हणून माझ्याच हाताने लिहिलेलं. आपल्या हॉलमध्ये कागद कधी खोटा नव्हता ग, माणूस खोटा असायचा. मग हळूहळू मला आठवायलासुद्धा लागलं. मान वळवून तुझ्या कागदावर बघितलं, तो चौदाचा आकडा दिसला, भिंतीवर ऊन आलं होतं. अजून दिसतं मला ते ऊन."

त्या भिंतीला खिडकी नव्हती, मावशीच्या मनात आलं. जे घडलंच नाही ते हिला इतकं स्वच्छ दिसत होतं, ते मावशीने पेन्सिलीने काढून दिलेलं होतं.

"त्या मुलाच्या आईकडे गेले मी," वाचाळ सांगत होती. "सांगितलं, तुमचा मुलगा माझ्यामुळे गेला. तिने दार लावून घेतलं. मग दुसऱ्या महिन्यात गेले, तिसऱ्या महिन्यात गेले. पाचव्यांदा तिने आत घेतलं. तिला कुणी नव्हतं दुसरं. अकरा वर्षं जात होते. शेवटी शेवटी मला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारायची. गेली तेव्हा मीच होते जवळ. म्हटलं चला, जेवढं फेडता येईल तेवढं."

बाहेर कात्री चालत होती, कर्र, कर्र, आणि मध्ये थांबत होती. मावशी म्हणाली, "तू उतरवलं नाहीस." आपल्याला नीट ऐकू यावं म्हणून तिने ते पुन्हा म्हटलं. "तू तीनलाच गेलीस. तो कागद मी भरला, तुझ्या अक्षरात. साडेचार मी लिहिले. हातचा मी चुकले. आणि चुकले हे मला दोन वर्षांनी नक्की कळलं, तेव्हाच."

वाचाळ गप्प झाली. इतका वेळ खोलीत जो आवाज होता तो गेला, आणि त्या गप्प चेहऱ्याकडे बघताना मावशीला एकदम तो चेहरा आठवला, तिच्याकडे एकदाच वळलेला, हातात चिठ्ठी घेतलेला. हाच. त्या चेहऱ्यावर तेव्हा विनंती वगैरे काही नव्हती. नुसती घाई होती.

"कसं कळलं?" वाचाळने विचारलं.

"यंत्राला विचारलं. खाली आलं होतं त्याला. मग त्याच्यानंतरच्याला. सहा झाली."

"सहांना विचारलंस."

"हो."

"मला एकदा विचारायचं होतंस," वाचाळ म्हणाली. "बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसलेले होते मी. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. कुणीही येऊन विचारत होतं मला."

रागावून ती हे म्हणाली असती तर मावशीला सोपं गेलं असतं. ती खरोखर वेळ सांगितल्यासारखी म्हणाली, आणि मग हाताच्या बोटांवर काहीतरी मोजायला लागली, अंगठा एकेका पेरावर टेकवत, ओठ हलवत. अकरा वर्षं मोजत असेल, किंवा तेवीस, किंवा त्या दिवसापासूनची सगळी अठ्ठेचाळीस. मोजणं मध्येच सोडून देऊन तिने दाराकडे तोंड करून हाक मारली. "अग ए. कापड ठेव आणि आत ये जरा."

मुलगी टेप गळ्यातच ठेवून आली. "काय झालं?"

"ही काय म्हणते ते ऐक. सांग ग, तिला सांग. पहिल्यापासून सांग."

मावशीने सांगितलं. चिठ्ठी आली तिथपासून सांगितलं, चार दहा आणि चार तीससकट सांगितलं, मध्ये कुठेही स्वतःची बाजू लावली नाही, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की हे मोठ्याने बोलायला जेमतेम पाच मिनिटं लागतात. मुलगी उभ्याउभ्याच ऐकत होती. मग ती आईच्या समोर खाली जमिनीवर बसली आणि तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू साडेतीनला आली होतीस," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं तुला. शाळेच्या घड्याळाखाली बाकावर मला झोपवलं होतं, काटा मला दिसत होता. त्या चौकशीच्या वेळी रोज सांगत होते, आई तू साडेतीनलाच आली होतीस. तू म्हणालीस, तुला ताप होता, तुला काय कळतंय."

"कागदावर माझा हात होता ग," वाचाळ म्हणाली.

"मी सात वर्षांची होते," मुलगी म्हणाली. "घड्याळ नुकतंच शिकले होते. पहिल्यांदा बरोबर वाचलं होतं."